बेहड्याचं दार

उंबरकोंडात शिरताना वहाळ, म्हणजे ओढा, ओलांडला की चढण लागते आणि चढणीच्या माथ्यावर एक बेहडा उभा आहे. मान पाठीला टेकेपर्यंत वर बघा. माणसाच्या खांद्यावर माणूस उभा केला तरी हात पुरणार नाही अशा उंचीवर खोडाला एक ढोली दिसेल. तिचं तोंड उभट आहे, कडा स्वच्छ तासलेल्या. जुन्या झाडाची जखम अशी राहत नाही. झाड स्वतःच आपली साल वाढवत नेतं, भोकाच्या कडा फुगत जातात, आणि काही वर्षांत तिथं भोक होतं हेसुद्धा कळत नाही. हे तोंड मात्र मिटलेलं नाही, कारण गाव ते मिटू देत नाही.

माघी पौर्णिमेला सकाळी सगळा कोंड इथं जमतो. त्या वर्षी ज्यांच्या घरी पाळणा हलला त्या बायका पोरांना पदराखाली घेऊन पुढे उभ्या राहतात. कोयत्याला पहिला हात त्यांचा लागतो. मग एकजण बांबूच्या शिडीने वर चढतो आणि ढोलीच्या तोंडावर वर्षभरात चढलेली साल सोलून काढतो. आत ओंजळभर उंबरं ठेवतो आणि खाली येतो. याला इथं दार सोलणं म्हणतात. त्या दिवसापासून मृगाचा पाऊस पडेपर्यंत या बाजूला बंदूक वाजत नाही, फटाका फुटत नाही. वरातीची वाजंत्रीसुद्धा वहाळापलीकडे गप्प होते आणि बेहडा बराच मागे पडला की पुन्हा सुरू होते.

हाच तो मूळचा बेहडा का, असं मात्र विचारू नये. विचारलं की गावात दोन तट पडतात. काही म्हणतात हाच. काही म्हणतात तो कधीच पडला, हा त्याचा शेजारी. भांडण जुनं आहे आणि दोन्हीकडच्यांना त्यात गोडी आहे. पण दार का सोलतात, याबद्दल दुमत नाही.

फार जुनी गोष्ट, असं सांगतात. तेव्हा या गावाला उंबरकोंड म्हणत नव्हते, नुसता खालचा कोंड म्हणत. तिथं येसू नावाची सुईण होती. सुईण म्हणजे नुसती नाळ कापणारी नव्हे. अडलेली बाई सोडवावी तर येसूनेच, अशी तिची ख्याती. आडवं आलेलं पोर ती पोटावरून हात फिरवून सरळ करी, पायाळू आलेलं पोर ओढून काढी. तिच्या हातून एकही बाळंतीण दगावली नव्हती आणि ही गोष्ट ती कुणाला विसरू देत नसे. बाई गर्विष्ठ होती म्हणतात. असेलही. जिने घराघरातला जीव स्वतःच्या हाताने उजेडात आणला, तिने काय मान खाली घालून चालायचं?

तिचा मुलगा भागोजी. त्याच्याकडे ठासणीची बंदूक होती, भातात शिरणारी डुकरं हाकायला. त्याची बायको सुंदरा. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत तेव्हाही होतीच. पण सुंदराचं माहेर पटकीच्या साथीत बसलं होतं, दिवा लावायलाही कुणी उरलं नव्हतं. म्हणून ती सासरीच बाळंत झाली, येसूच्या हातावर. मुलगी झाली. चैत्र लागला होता.

येसूने सुनेची खोली स्वतः तयार केली होती. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून कुडाच्या फटी शेणामातीने लिंपल्या. खिडकी लिंपली. दाराला घोंगडी टांगली. पेजेचा वाडगा आत जाईल एवढीच बाजूला फट ठेवली. त्या फटीतून सुंदराचा हात बाहेर येई, वाडगा घेई आणि आत जाई.

पण चार-दोन दिवसांतच सुंदराचं अंग धरलं. सांधे सुजले, ताप चढला, अंगावर दूध उतरेना. येसूने शेक दिला, काढे पाजले, ओवा जाळला. गुण येईना. ज्या बाईने गावच्या लेकीसुना तारल्या, तिच्याच घरात तिची सून हातची जाते की काय, अशी वेळ आली.

अशा वातावर तेव्हा एक औषध ठरलेलं होतं. ककणेराचं तेल. शहरातली माणसं त्याला धनेश म्हणतात. भला मोठा पक्षी, पिवळी बाकदार चोच, आणि चोचीवर आणखी एक चोच बसवल्यासारखं शिंग. उडतो तेव्हा कुणी ओली घोंगडी झटकावी तसा आवाज येतो. त्याची चरबी कढवून तेल काढायचं आणि बाळंतिणीच्या सांध्यांना चोळायचं. त्याने गुण येत होता का? काही येत नव्हता. पण घरोघरी तुळईला त्या तेलाची बुधली लटकलेली असायची.

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथं आहे. ककणेर मारण्याला गावात नियम होता, आणि नियम दयेचा होता. ककणेर जोडीने राहतात, जन्मभर एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून जोडपं दिसलं तर बंदूक उचलायची नाही. पण चैत्र-वैशाखात नर एकटाच दिसतो. मादी कुठंच नसते. म्हाताऱ्यांनी त्याचा अर्थ आपल्या घरावरून लावला. मादी बाळंतपणाला माहेरी जाते, लांब घाटाच्या पलीकडे, आणि पावसाच्या तोंडाला पोरं घेऊन परत येते. तेवढ्यात इकडे नर मारला तर पाप कमी. ती माहेरी आहे, खाऊनपिऊन सुखी आहे, परत आल्यावर रडेल आणि दुसरा करील. म्हणून मारायचा तर चैत्रात मारायचा, एकटा बघून. असा तो नियम. बापाने मुलाला सांगितला, मुलाने नातवाला. कुणालाच कधी विचारावंसं वाटलं नाही की बाबांनो, ते माहेर बघितलंय कुणी?

भागोजी म्हणाला, "आये, बेहड्यावर एक नर येतो रोज. येळ चुकवत नाय. एकलाच हाय, बायल म्हायेरी गेलेली दिसते."

"मग माझ्या तोंडाकडं काय बघतोस?" येसू म्हणाली. "सुंदरीचं अंग लाकूड झालंय तिकडं. जा."

भागोजी बेहड्याखाली झुडपात बसला. नर आला, फांदीवर न बसता थेट खोडालाच चिकटला आणि सालीला चोच लावून मान खालीवर करू लागला. मुंगळे वेचतोय, असं भागोजीला वाटलं. त्याने बार काढला.

पक्षी येसूने स्वतः सोलला. आतडी-कोथळा तिच्या रोजच्या ओळखीचा. पण गळा कापला तेव्हा तिचा हात थांबला म्हणे. गळ्यात उंबरं होती. एकावर एक ठासून भरलेली, अख्खी, चोचीचा ओरखडासुद्धा न लागलेली. भूक लागलेल्याने खाल्लं तर ते पोटात जातं. याने गळ्यात का धरून ठेवलं होतं? येसूच्या मनात आलं, हा कुणासाठी नेत होता? पण आतून सुंदरा कण्हली, आणि येसूने ती उंबरं उकिरड्याकडे भिरकावून दिली. कोंबड्यांनी खाल्ली.

तेल निघालं. चोळलं. सुंदराचा ताप उतरला, दूध आलं. तेलाने की तिच्या तरण्या रक्ताने, ते तिचं तिला ठाऊक. येसूने बुधली भरून तुळईला टांगली आणि शेजारणींना ऐकू जाईल असं म्हणाली, "येसूच्या हातून बाळंतीण जात नसते."

पुढे काही दिवसांनी लाकडं वेचायला गेलेल्या बायका धावत परत आल्या. बेहडा आतून वाजतोय म्हणाल्या. टक टक, टक टक. बेहड्यात भुतं राहतात हे सगळ्यांना ठाऊकच. त्यांनी मोळ्या तिथंच टाकल्या होत्या.

येसू हसली. "भुताला काय दुसरा धंदा नाय व्हय? भर दुपारी सुतारकाम करतंय?" आणि ती एकटी चढण चढून गेली.

तिने कान लावला. आवाज होता. मग तिने मान वर केली. खोडावर जिथं नर चिकटला होता तिथं साल नव्हती, चिखलाने लिंपलेली भिंत होती, सालीच्या रंगात रंग मिसळलेली. भिंतीत एक उभी फट होती. फटीतून पिवळ्या चोचीचं टोक बाहेर आलं. थोडा वेळ उघडं राहिलं. काहीच मिळालं नाही तसं आत गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं.

येसूला दुसरं काय आठवणार? तिने स्वतःच्या हाताने लिंपलेली खोली, स्वतः ठेवलेली फट, आणि फटीतून पेजेसाठी बाहेर येणारा सुंदराचा हात.

मादी माहेरी जात नव्हती. कधीच गेली नव्हती. ती इथंच, खोडाच्या आत, स्वतःला लिंपून घेऊन बसत होती, आणि बाहेरच्या एकाच्या गळ्यावर सगळं घर जगत होतं. चैत्रात नर एकटा दिसतो तो एकटा नसतो म्हणून. आणि बापजाद्यांच्या दयाळू नियमाने नेमका तोच निवडून निवडून मारला होता.

ती घरी आली ती उकिरड्यावर जाऊन उभी राहिली. उंबरं तिथं कशाला असतील? मग तिने भागोजीला हाक मारली.

"उंबरं काढून आण. टोपलीभर. आणि शिडी कर."

"कुनासाठी, आये?"

"ज्याला मारलास त्याच्या बायलेसाठी."

भागोजी वर चढला, फटीशी उंबर धरलं. आतून असा टोला आला की त्याच्या बोटातून रक्त निघालं. येसूने त्याला खाली बोलावलं, कासोटा घट्ट मारला आणि त्या वयात स्वतः शिडी चढली. फटीतून एकेक उंबर आत ढकललं. चोच आतल्या अंधारात सरकून बसली, पुढे आली नाही. दिवस कलेपर्यंत येसूने वाट पाहिली. चोच आली नाही, टकटक नाही, काही नाही.

"खात नाय," ती घरी येऊन म्हणाली. "परक्याच्या हातचं खात नाय ती. आत उपाशी मरेल."

सुंदरा घोंगडीआडून म्हणाली, "आये, उद्या परत ठेवा. भ्याली आसंल. मी नाय का पयल्या दिवशी पेज तशीच ठेवली व्हती?"

"उद्यापर्यंत राहिली पायजे ना."

"तिचं दार तिनं लावलंय, आये. तिची येळ झाली की तीच उघडंल."

इथं येसूचा पारा चढला. अडलेली बाई कशी सोडवावी, हे तिला काल बाळंत झालेल्या पोरीने शिकवावं? "तू गप पडून ऱ्हा," ती म्हणाली. "अडलेल्या बायका सोडवण्यात माझा जन्म गेला. दार उघडत नाय तेव्हा काय करायचं, ते मला ठाऊक हाय."

आणि ठाऊक होतंच तिला. तेच तर नडलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती कोयता घेऊन शिडी चढली. भागोजीने शिडी धरली. त्याचा कुत्रा काळ्या नेहमीसारखा पाठोपाठ आला होता, त्याला हाकलायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. लिंपण भाजलेल्या मडक्यासारखं कडक होतं. येसूने कोयत्याच्या मुठीने ठोकलं, आतून ओरडा झाला. तिने बाळंतिणीशी बोलावं तसं बोलत बोलत ठोकलं म्हणे, "झालं गो बाय, झालं, आता मोकळी होशील." तुकडा निघाला. दुसरा निघाला. तिने हात आत घातला.

मादी तिच्या हातावरून बाहेर झेपावली. पण झेप घ्यायला पंख कुठं होते? आत बसलेली मादी आपली पिसं गाळून टाकते, पोरांना त्यांचंच अंथरूण होतं आणि पावसापर्यंत तिला नवी येतात. हे येसूला कसं माहीत असणार? पक्षी दगडासारखा खाली आला. काळ्या धावला. बार झाला की पडलेलं पाखरू उचलून आणायचं, हे भागोजीनेच त्याला शिकवलं होतं. कुत्र्याने शिकवल्याप्रमाणे केलं. तोंडात धरून आणलं, धन्याच्या पायाशी ठेवलं आणि शेपटी हलवत उभा राहिला.

येसू शिडीवरच होती. तिने ढोलीत पाहिलं. गळालेल्या पिसांवर एक पिल्लू होतं, उघडंवाघडं, डोळे मिटलेलं. आणि काल तिने ढकललेली उंबरं तिथं नव्हती. एकही नव्हतं. सालींचे चोथे कडेला लोटलेले होते आणि पिल्लाच्या चोचीला उंबराचा लाल गर लागलेला होता.

मादीने खाल्लं होतं. येसूची पाठ वळल्यावर तिने परक्या बाईच्या हातचं खाल्लं होतं आणि पोराला भरवलं होतं. आणखी काही करायचं नव्हतं. फक्त रोज शिडी चढून उंबरं ठेवायची होती, एवढंच. आणि वाट बघायची होती.

पिल्लू येसूने पदरात घालून घरी आणलं. चुलीशेजारी ठेवलं, उंबर कुस्करून भरवलं. ते जगलं नाही. सुंदरा आपली मुलगी मांडीवर घेऊन ते बघत होती.

येसूच्या हातून गेलेली ही पहिली बाळंतीण. पहिली तरी कशी म्हणायची? तिने घरोघर जाऊन तुळईला लटकलेल्या बुधल्या पाहिल्या. म्हाताऱ्यांनी भरलेल्या, त्यांच्या बापांनी भरलेल्या. सगळ्या चैत्रातल्या. प्रत्येक बुधलीमागे कुठल्यातरी खोडात एक फट, आणि फटीतून येणारी-जाणारी रिकामी चोच. आपली बुधली तिने अंगणात फोडली.

मग ती सहाणेवर गेली, जिथं गावकी बसते. बायका तिथं बोलत नसत. ही बोलली. दौलत गावकर तेव्हा गावचा मोठा माणूस. तो म्हणाला, "येसूबाय, आमच्या वाडवडलांचा नियम दयेचाच होता. जोडपं मोडू नये म्हणून तर चैत्र धरला."

"जोडपं नाय मोडलंत गावकर," येसू म्हणाली, "घर मोडलंत. दाराला भायरून कडी घालून चूल विझवलीत. आणि मी तर दार फोडून आत शिरले. तुमच्यापेक्षा मी वाईट. पण आता ठावं झालंय. ठावं असून जो बार काढील, त्याच्या घरी मी बाळंतपणाला जाणार नाय."

गावकीला ऐकावं लागलं. कारण बंदुका पुरुषांच्या होत्या, पण पोरं होणार होती ती त्यांच्याच घरी. चैत्रातली शिकार त्या दिवसापासून थांबली.

पण आता मारायला तरी काय उरलं होतं? दुसऱ्या वर्षी ककणेर आले नाहीत. तिसऱ्या वर्षी आले नाहीत. बेहड्याची ढोली रिकामी राहिली, आणि येसूने पाहिलं की तिच्या कडा फुगू लागल्यात. झाड आपली जखम भरून काढत होतं. आणखी काही वर्षांनी भोक मिटलं असतं, आणि मग कुणी परत आलंच तर बसणार कुठं? येसू कोयता घेऊन पुन्हा शिडी चढली. ज्या हाताने दार फोडलं त्याच हाताने तिने दार सोललं. दर माघात सोलत राहिली. आत उंबरं ठेवत राहिली. आणि नुसत्या ओंजळभर उंबरांनी घर चालत नाही हे कळण्याइतकी ती शहाणी होती, म्हणून वहाळाच्या दोन्ही काठांनी तिने उंबराची झाडं लावली. गुरांनी खाल्ली, परत लावली. वणव्यात गेली, परत लावली. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी नेऊन घातलं.

माणसं हसायची. रावजी नावाचा एक टवाळ होता. तो वाटेवर गाठून विचारी, "येसूबाय, बेहड्याला कितवा म्हयना?"

"रावज्या," ती म्हणे, "तू पायाळू आलास तेव्हा मी घाई केली म्हणून आज बोलतोस. जरा थांबले असते तर गाव सुखी असतं."

बाळंतपणं ती करत राहिली. पण बाळंतिणीच्या खोलीची कडी तिने आतून बसवायला लावली, आणि आतून उघडल्याशिवाय पाऊल टाकलं नाही. दार तिचं, ती उघडील, एवढंच म्हणायची.

वर्षं गेली. उंबरं मोठी झाली, बुंध्याला झुबके लटकू लागले. सुंदराची मुलगी, पारू, सासरी गेली आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. येसूचे डोळे तोवर गेले होते. ओटीवर बसून असायची. माघ संपत आला होता, तेव्हा एका सकाळी डोंगराकडून आवाज आला, ओली घोंगडी झटकल्यासारखा.

येसू ताठ झाली. "सुंदरे, एक का दोन?"

सुंदरा अंगणात धावली. "दोन, आये. दोन हायत. बेहड्याकडं चाललेत."

त्यानंतर येसूने रोज तेच विचारलं आणि सुंदराने रोज तेच सांगितलं. दोन. दोन. मग फाल्गुनात एक दिवस सुंदरा अंगणाच्या कडेपर्यंत जाऊन आभाळात बघत राहिली.

"एक का दोन?"

"एकच हाय, आये." आणि मग हळूच, "गळा फुगलाय त्याचा."

आंधळी येसू हसली की रडली, यावर एकमत नाही. "मग दुसरी आत हाय," ती म्हणाली. "कुणी तिकडं फिरकू नका. मीसुद्धा जाणार नाय."

ती गेलीच नाही. ते दार तिने पाहिलं नाही, लागलेलंही नाही आणि उघडलेलंही नाही. वैशाखात येसू वारली. तिला न्यायची वाट बेहड्याखालून जात होती. पण लोकांनी तिला वहाळातून लांबच्या वळणाने नेलं, टाळ वाजवला नाही, मोठ्याने कुणी रडलंही नाही. मृगाच्या आधी मादीने आपलं दार आपल्या चोचीने फोडलं आणि पोरासकट बाहेर पडली. तेव्हापासून या कोंडाचं नाव उंबरकोंड पडलं.

पुढे पिढ्यान्‌पिढ्या इथं ककणेर होते. त्यांना पाहिलेली माणसं अजून आहेत. मग वहाळाकाठचा रस्ता रुंद झाला आणि उंबरं गेली. समोरचा डोंगर एका ठेकेदाराने विकत घेतला आणि एका हंगामात बोडका केला. करवतींचा आवाज थांबला तेव्हा पलीकडचं आकाश दिसायला लागलं. ठेकेदाराला शिव्या देणं सोपं आहे. पण डोंगर त्याला विकला कुणी? ज्यांच्या आज्यांनी माघात कोयत्याला पहिला हात लावला, त्यांनीच. सह्या करून आले आणि माघात दार सोलायला पुढे उभे राहिले. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही.

येसूने कामं दोन केली होती. दार सोलायचं आणि उंबर लावायचं. गावाने पहिलं धरून ठेवलं. ते एका सकाळीत होतं, नारळ फुटतो, फोटो निघतात. दुसऱ्याला जन्म घालावा लागतो, ते सुटलं. आता ढोलीत ठेवायला ओंजळभर उंबरं लागतात तर तीसुद्धा मोटरसायकलवरून दोन गावं पलीकडून आणावी लागतात. एका वर्षी मिळाली नाहीत तेव्हा बाजारातली केळी ठेवली. घर झाडून ठेवलं, दार मोठं ठेवलं आणि कणगी विकून टाकली. अशा घरात नांदायला कोण येणार?

आजही माघी पौर्णिमेला दार सोलतात. आजही उंबरकोंडात बाळंतिणीच्या खोलीला कडी आतूनच असते. आणि आजही चैत्रात एखाद्या सकाळी डोंगरावरून ओली घोंगडी झटकल्यासारखा आवाज जातो, तेव्हा अंगणातली म्हातारी हातातलं सूप खाली ठेवते आणि विचारते, "एक का दोन?"

एकच असतो. गळा फुगलेला. तो बेहड्याकडे मान वळवत नाही. कातळाच्या उघड्या सड्यावरून सरळ पलीकडे निघून जातो, जिथं कुठल्यातरी खोडात कुणीतरी त्याची वाट बघत बसलेलं आहे. इथलं दार उघडंच राहतं.